बाहेर नवा, आत जुना: पिंपळगावजवळचं अण्णांचं टायरचं दुकान

आमची गाडी सहा टायरी (पुढे दोन, मागे दोन्ही बाजूंना आत-बाहेर अशी जोडी), २०१९ ची. आरसी बुकावर नाव माझं, स्टेअरिंग यांच्या हातात, आणि हिशेबाची वही पुन्हा माझ्याकडे. निफाड तालुक्यातून कांदा भरायचा, वाशीच्या मार्केटला उतरवायचा, येताना मिळेल ते भाडं घ्यायचं. जाऊन-येऊन चारशे किलोमीटर. डिझेलच्या खालोखाल वहीत मोठा आकडा टायरचा असतो, म्हणून या दुकानाबद्दल मीच लिहितेय. यांनी लिहिलं असतं तर "काम चांगलं, माणूस तिरसट" एवढ्यावर आटपलं असतं. तेही खोटं नाही.

दुकान मुंबई-आग्रा महामार्गावर, ओझर सोडून पिंपळगावकडे निघालं की डाव्या हाताला. बोर्ड नाही. बाभळीला पांढरा रंग दिलेला टायर टांगलाय आणि त्यावर लाल अक्षरांत 'हवा'. मालक मूळचे केरळचे, पण तीसेक वर्षं याच रस्त्यावर काढल्यामुळे मराठी आमच्यासारखीच बोलतात, फक्त 'ळ' आमच्यापेक्षा चांगला म्हणतात. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. केरळात कोणी अण्णा म्हणत नसावं, पण आग्रा रोडवर दक्षिणेकडून आलेला प्रत्येक माणूस अण्णाच होतो.

तिथे जायची वेळ का आली ते आधी सांगते. गेल्या दिवाळीत दोन नवे टायर घेतले आणि दुसऱ्या एका दुकानात 'रोटेशन', म्हणजे चाकांच्या जागांची अदलाबदल, करून घेतलं. नाव घेत नाही. दुकान झकपक, बसायला खुर्च्या, थंड पाणी. पन्नास मिनिटांत स्टेपनी धरून सातही चाकं इकडची तिकडे केली. मी खूश, हेही खूश. मागे उभं राहून पाहिलं तर दोन्ही बाजूंना बाहेर कोरे करकरीत टायर. जुने आत गेले.

महिन्याभरात कसारा घाट उतरून गाडी खर्डीच्या पुढे गेली तेव्हा यांना जळका वास आला. गाडी ओढत नव्हती, डुलत नव्हती, काही नाही. खाली उतरून बॅटरी मारली तर क्लीनर साईडचा, म्हणजे डावीकडचा, आतला टायर जागेवर नव्हताच. डिस्कवर, म्हणजे चाकाच्या लोखंडी तबकडीवर, तारांचं भेंडोळं आणि रबराच्या चार चिंध्या. कधी फुटला तेही कळलं नाही. जोडीच्या टायरचं हेच दुखणं आहे. पुढचा टायर फुटला तर स्टेअरिंग हातातून जाईल, पण मागच्या जोडीतला एक मेला तरी दुसरा त्याचं ओझं गुपचूप उचलतो. ओझं थोडंथोडकं नसतं. २०१८ साली सरकारने मागच्या चार टायरी अ‍ॅक्सलची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टन केली, म्हणजे एका टायरवर पावणेतीन टनांच्या वर. जोडीदार गेला की उरलेल्यावर पावणेसहा टन. खर्डीपर्यंत तो टिकला हे आमचं नशीब.

स्टेपनी चढवली, तीही जुनीच. तेव्हाच दिसलं की आतल्या टायरचा व्हॉल्व्ह बाहेरच्या डिस्कच्या भोकासमोर आलेलाच नव्हता, डिस्कच्या पत्र्यामागे दडला होता. म्हणजे दिवाळीपासून त्या टायरची हवा तपासायची म्हटली तरी बाहेरचं चाक काढावं लागलं असतं. आमचे हे हवा कशी तपासतात? टॉमीने, म्हणजे लोखंडी दांड्याने, ठोकून. टण आवाज आला की हवा आहे. अण्णांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "वहिनी, ठोकून एवढंच कळतं की टायर जिवंत आहे. ताप आहे का ते कळत नाही."

होळीनंतर एका सकाळी रिकामी गाडी घेऊन आम्ही त्यांच्याकडे गेलो. यांनी उतरल्या उतरल्या सांगितलं, "अण्णा, रोटेशन करायचंय, सगळी चाकं फिरवून टाका." अण्णांनी पान्याला हातही लावला नाही. खडू घेतला आणि प्रत्येक टायरवर आकडा टाकला. पुढचा क्लीनर साईडचा एक, ड्रायव्हर साईडचा दोन. मागे क्लीनर साईडला बाहेरचा तीन, आतला चार. ड्रायव्हर साईडचा आतला पाच, बाहेरचा सहा. स्टेपनी सात. मग खिशातून खाचेची खोली मोजायचा छोटा गेज काढून प्रत्येकाच्या खाचेत तीन जागी रोवला आणि त्यांचा भाचा आकडा वाचून सांगेल तो कागदावर लिहीत गेले. मी माझी वही काढली. अण्णांनी एकदा वहीकडे पाहिलं आणि तिथून पुढे ते यांच्याशी कमी आणि माझ्याशी जास्त बोलले.

मागच्या चारांचे आकडे असे: तीन नंबर १४ मिलिमीटर, चार नंबर ६, पाच नंबर ७, सहा नंबर १५. मग जॅकवर मागचं हाउसिंग (मागची चाकं ज्यावर बसतात तो आडवा सांगाडा) उचललं आणि भाचा व एक पोरगा दोन टोकांना दोरी ताणून उभे राहिले, चारही टायरच्या पाठीवरून आडवी. दोरी टेकली फक्त दोन बाहेरच्या टायरना. आतल्या दोघांपाशी दोरी आणि रबर यांच्यात माझं बोट आरामात जात होतं. दिवाळीत मागे उभं राहून मी ज्या कोऱ्या टायरकडे कौतुकाने बघत होते, त्यांचा अर्थ मला त्या दोरीने सांगितला.

फट आठ मिलिमीटरची. ती एका बाजूची, म्हणून टायरच्या व्यासात फरक सोळाचा. दोन्ही चाकं एकाच हबला आवळलेली, त्यामुळे दोघांना फेरे सारखेच घ्यावे लागतात. पण मोठ्या टायरचा एक फेरा लहान टायरच्या फेऱ्यापेक्षा पाच सेंटिमीटर लांब. आमचा टायर १०.०० आर २०, ड्रायव्हर लोकांच्या भाषेत हजार-वीस. त्याचा घेर साधारण तीन मीटर तीस सेंटिमीटर, म्हणजे किलोमीटरला तीनशे फेरे. मी वहीतच गुणाकार केला. किलोमीटरमागे पंधरा मीटर, आणि पिंपळगाव ते वाशी दोनशे किलोमीटर धरले तर तीन किलोमीटर. नुसतं जाताना एवढं अंतर जोडीतला एक टायर दुसऱ्याच्या हिशेबाने चालत नाही, घासत जातो. वजनाखाली टायर दबतो आणि हा फरक थोडा सावरला जातो, असं अण्णा म्हणाले. पण सावरून घेणं म्हणजे मोठ्याने जास्त ओझं उचलणं. मोठा तापतो आणि लहान खरवडला जातो. या मापाच्या टायरला जोडीत अर्ध्या इंचापर्यंतचा फरक चालतो, बारा-तेरा मिलिमीटर. छोट्या गाड्यांच्या टायरला त्याच्या निम्मा. आमचा सोळा होता, दोन्ही बाजूंना.

"पण सगळे नवा बाहेरच टाकतात की," हे म्हणाले.

"बाहेरचा दिसतो ना. मालक खूश होतो," अण्णा म्हणाले. माझ्याकडे पाहिलं नाही, पण मला लागलं.

एकदम चूक नाही ते, हेही त्यांनीच सांगितलं. रस्ता मधे उंच आणि कडेला उतरता असतो, शिवाय आतला टायर ब्रेक ड्रमच्या शेजारी, वाऱ्यापासून लांब. त्यामुळे आतल्याचे हाल जास्त. म्हणून जोडीत थोडाफार फरक असेल तर मोठा बाहेर, लहान आत. पण थोडाफार. एकदोन मिलिमीटर, आठ नव्हे.

आता त्यांनी काय केलं ते ऐका. तीन आणि पाच यांची अदलाबदल केली. बस्स. क्लीनर साईडचा बाहेरचा नवा गेला ड्रायव्हर साईडच्या आत, तिथला जुना आला क्लीनर साईडच्या बाहेर. आता एका बाजूला ७ आणि ६, दुसऱ्या बाजूला १५ आणि १४. दोन्हीकडे किंचित मोठा बाहेर. चार नंबर जागचा हललाही नाही, सहा नंबर काढून परत त्याच जागी. आमच्या यांचा चेहरा पडला. सकाळी सातला निघून, भाडं बुडवून, दोन चाकं? दिवाळीत सात फिरवली होती!

त्या अदलाबदलीत एक गंमत आहे, ती मला घरी आल्यावर वाट्या घेऊन कळली. मागच्या जोडीच्या डिस्का दोन वाट्या बुडाला बूड लावून धराव्यात तशा बसतात. म्हणून तर मागचं बाहेरचं चाक खोलगट दिसतं आणि पुढचं फुगीर. त्याच बाजूला बाहेरचं चाक आत टाकायचं तर ते उलटं करावं लागतं आणि टायर उलट्या दिशेने फिरायला लागतो. पण एका बाजूचं बाहेरचं दुसऱ्या बाजूच्या आत टाकलं तर टायरची दिशा तीच राहते. दिशा उलटली म्हणून दर वेळी बिघडतं असं नाही. टायरच्या पाठीवरच्या गोट्या, म्हणजे रबराचे ठोकळे, एका कडेने जास्त झिजल्या असतील तर मुद्दाम दिशा उलटवतात, म्हणजे झीज सारखी होते. बाण छापलेला टायर मात्र बाणाप्रमाणेच फिरला पाहिजे. आमच्या गोट्या सरळ होत्या, म्हणून अण्णांनी दिशा राखली.

एक खोट उरली, ती अण्णांनी स्वतःहून सांगितली. आता डावीकडे लहान जोडी, उजवीकडे मोठी. हा फरक डिफरन्शियलला, म्हणजे दोन बाजूंच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरला, सोसावा लागतो. वळणावर ते हेच काम करतं, पण आता सरळ रस्त्यावरही थोडं थोडं करत राहणार. "चालेल, पण कायमचं नाही," असं म्हणून त्यांनी कागदावर चार आणि पाचपुढे फुली मारली. रिमोल्डला (झिजलेल्या टायरवर नवं रबर चढवायला) पाठवायचे तर दोन्ही एकदम, आणि केसिंग, म्हणजे टायरचा आतला सांगाडा, शाबूत आहे तोवर. कायद्याने १.६ मिलिमीटरपर्यंत टायर चालतो, पण तिथवर ओढला की तारेला मार बसतो आणि रिमोल्डवाला हात लावत नाही. खर्डीला आम्ही नुसता टायर गमावला नव्हता, रिमोल्ड होऊ शकलं असतं असं केसिंगही गमावलं होतं. दिवाळीच्या वहीत मी ते धरलंच नव्हतं.

पुढच्या दोन टायरना त्यांनी हात लावायला चक्क नकार दिला. एक नंबरवर माझा तळवा ठेवून आडवा फिरवायला सांगितला. आतल्या बाजूला नेताना गुळगुळीत, बाहेर आणताना खरखरीत, मांजराच्या पाठीवरून सुलटा-उलटा हात फिरवावा तसं. बाहेरची कडही जास्त खाल्लेली. ही पुढच्या चाकांच्या अलाइनमेंटची, म्हणजे चाकांचा कोन बिघडल्याची, खूण आहे, टायरची नाही. "हा टायर उजवीकडे टाकला तर तिथे चांगला दिसेल आणि इथे नवीन खराब व्हायला लागेल. रोटेशन औषध नाही." आधी अलाइनमेंट, मग एक-दोनची अदलाबदल. पुढचे मागे नाहीत आणि मागचे पुढे नाहीत, कारण पुढे उभ्या धारीचे टायर आणि मागे गोटीचे. रिमोल्ड पुढे घालायचा तर तोंडसुद्धा दाखवू नका म्हणाले. अलाइनमेंट त्यांच्याकडे होत नाही. नाशिकला अंबडला जावं लागलं, म्हणजे आणखी एक दिवस. ही या दुकानाची मोठी अडचण आहे.

काम करायची पद्धत मात्र बघत बसावी अशी. नट सैल करण्याआधी जोडीतल्या दोन्ही टायरची हवा सोडली. डिस्कला कुठे तडा असेल तर भरल्या हवेचा टायर नट निघताच जीव घेऊ शकतो. आमच्या डिस्कला लॉक रिंग, म्हणजे टायर जागेवर धरून ठेवणारी लोखंडी कडी, आहे. ती नीट न बसता हवा भरली तर रिंग उडते, आणि ती कोणाला लागली तर माणूस उरत नाही. त्यांच्याकडे पाइप वेल्ड करून केलेला पिंजरा आहे आणि भाचा हवा भरताना लांब नळी लावून बाजूला उभा राहतो. झकपक दुकानात असा पिंजरा नव्हता, पोरगा टायरवर पाय देऊन हवा भरत होता, हे मला तेव्हा खटकलंही नव्हतं.

चाक बसवण्याआधी दोन डिस्का जिथे टेकतात तिथला गंज आणि चिखल तारेच्या ब्रशने खरवडून काढला. मधे घाण राहिली की ती पुढे दबते आणि नट आपोआप सैल होतात. दहा नट समोरासमोरचे धरून आवळले, आधी हवेवर चालणाऱ्या गनने हलके, मग कपाटातून कुलूप उघडून टॉर्क पाना, जो किती जोराने आवळलं ते मोजतो. आणि दोन्ही व्हॉल्व्ह बाहेरून दिसतील असे, एकमेकांच्या समोरच्या भोकांत. आतल्याला लांब नळीचं जोड दिलं. आता आमचा सोन्या, क्लीनर पोरगा, आतली हवा मापकाने बघतो. जोडीतल्या दोघांत पाच पौंडांपेक्षा जास्त फरक नको, आणि हवा सकाळी टायर गार असताना बघायची. घाटानंतर आकडा वाढलेला दिसतोच, तेव्हा हवा सोडायची नाही. आमचे हे गेली पंधरा वर्षं सोडत आलेत.

स्टेपनीत हवा साठच पौंड निघाली. यावर अण्णा काही बोलले नाहीत, नुसते हसले.

आता तक्रारी. काम साडेचार तास चाललं. पहिला तासभर तर टायर गार होईपर्यंत हात लावणार नाही म्हणून नुसतं बसवून ठेवलं, आम्ही पंचवीस किलोमीटरच आलो होतो तरी. बसायला एक बाकडं, त्याचा एक पाय म्हणजे बेअरिंगची जुनी रिंग. बाईमाणसाला जायचं तर रस्ता ओलांडून ढाब्यावर, आणि तो रस्ता आग्रा रोड. फोन उचलत नाहीत. घासाघीस केली तर पाना खाली ठेवतात, माझ्यासमोर एका टेम्पोवाल्याला तसंच परत पाठवलं. भाचा कामाला चोख आहे, पण अण्णा समोर नसले की गनने नट रपारप आवळायचा मोह त्याला होतो. मी दोनदा पाहिलं, एकदा बोललेसुद्धा. जुन्या डिस्कवर क्यूआर कोड चिकटवलाय, पण रेंज नसते, रोख ठेवा.

पैसे चाकामागे दीडशे. तीन चाकं काढली म्हणून साडेचारशे, व्हॉल्व्हच्या दोन नळ्या वेगळ्या. फिरवली दोन, मग तिसऱ्याचे का, असं हे विचारणार होते, मीच डोळा मारून थांबवलं. मोजणीचे, दोरीचे, कागदाचे पैसे घेतले नाहीत. त्यातच तर सगळं काम होतं. नंतर पन्नासेक किलोमीटरनी नट पुन्हा आवळावे लागतात. परतताना थांबा म्हणाले, थांबलो, तेव्हा दोन नट पाव फेरा आवळले गेले. त्याचेही पैसे नाहीत.

होळीपासून आतापर्यंत सव्वीस खेपा झाल्या, दहा हजार किलोमीटरच्या वर. मी स्वतःचा गेज घेतलाय, कंपासपेटीत मावतो एवढासा. दर महिन्याला मोजते. परवाचे आकडे: डावीकडे बाहेर ५, आत ४.५. उजवीकडे बाहेर १३, आत १२.५. दोन्ही जोड्या बरोबरीने उतरताहेत. दोन टायरच्या मधे दगड अडकतो तो मात्र कोणत्याही रोटेशनने टळत नाही. घोटीजवळ रस्त्याचं काम चालू आहे, तिथून आलं की सोन्या वाकून बघतो.

अण्णांकडे जायचं असेल तर गाडी रिकामी घेऊन जा आणि सकाळी आठच्या आत पोचा. पावसात ते सहाला दुकान बंद करतात. चार आणि पाच नंबर पोळ्यानंतर काढायचेत. परवा हे म्हणत होते की पाच नंबर अजून बरा आहे, आत्ता एकट्या चारचंच रिमोल्ड करू. मी वहीतला अण्णांचा कागद काढून दोन्ही फुल्या दाखवल्या.